हायब्रिड गाडी परवडते का? नागपूरकरांनी शोरूमला जाण्याआधी करायचा हिशेब

"कच्चं तेल पडलंय, आता हायब्रिडवर तीन लाख जास्तीचे कशाला घालायचे?" आणि "पेट्रोल शंभरीपार आहे भाऊ, डोळे मिटून हायब्रिड घेऊन टाका." नवीन गाडी घ्यायची म्हटली की हे दोन्ही सल्ले एकाच दिवशी मिळतात, कधीकधी एकाच घरात. दोघंही बघतात फक्त पेट्रोलच्या भावाकडे. गाडी वर्षाला किती धावते आणि त्यातली गावात किती धावते, हे मात्र कोणी विचारत नाही. हायब्रिड परवडते की नाही याचा निकाल तिथेच लागतो. भावाचा परिणाम होतो, पण वाटतो तेवढा नाही.

ज्यांची पहिली गाडी आहे किंवा पहिल्यांदाच हायब्रिडचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हा हिशेब क्रमाने मांडतो. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

आधी कळू द्या, समोरची हायब्रिड कोणती

मागे "हायब्रिड" असा बिल्ला लावलेली प्रत्येक गाडी सारखी नसते. माइल्ड हायब्रिड ही मुळात पेट्रोल गाडीच. तिच्यात एक छोटी मोटर इंजिनला जरासा हात लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते. नुसत्या विजेवर ती चाक फिरवत नाही. ॲव्हरेजमध्ये फरक पडतो, पण थोडा. मारुतीच्या कितीतरी गाड्यांत हे बरीच वर्षं आहे आणि त्यासाठी कोणी लाखांत पैसे मागत नाही.

पैसे लागतात ते स्ट्राँग हायब्रिडला. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटाराची वरची मॉडेल्स, होंडा सिटीची हायब्रिड, इनोव्हा हायक्रॉस आणि तिची मारुती बहीण इन्व्हिक्टो या त्यातल्या. यांच्यात वेगळी मोठी मोटर आणि बॅटरी असते. गाडी हळू चालत असताना, गर्दीत सरकताना इंजिन पूर्ण बंद असतं आणि मोटर एकटी गाडी ओढते. ब्रेक मारला की जी ताकद एरवी ब्रेक पॅडच्या उष्णतेत वाया जाते, तिचा बराचसा भाग मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत परत भरते. त्यामुळे वायरने चार्ज करायची गरज नाही, तशी सोयही नाही.

बॅटरी मोठी असेल असा बऱ्याच जणांचा समज असतो. हायरायडर-ग्रँड व्हिटाराची बॅटरी 0.76 किलोवॅट-तासांची आहे. म्हणजे महावितरणच्या बिलातला एक युनिटसुद्धा नाही. आख्ख्या इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असते. तेव्हा हायब्रिड "विजेवर चालते" असं कोणी सांगितलं तर ती वीज कुठून आली ते विचारा. पेट्रोलमधूनच आलेली असते. फक्त एरवी फुकट गेली असती ती वाचवून वापरली, एवढंच. पण हे "एवढंच" गावातल्या ट्रॅफिकमध्ये फार मोठं ठरतं.

तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे वायरनेही चार्ज होणारी. आपल्याकडे तो महागड्या गाड्यांतच आढळतो, म्हणून इथे सोडून देऊ.

रनिंग काढा, आणि खरं काढा

घरात आधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगची दोन जुनी बिलं शोधा. दोन्हींवर मीटर रीडिंग असतं. वजाबाकी करा, मधल्या महिन्यांनी भागा, बाराने गुणा. अंदाजाने बोलताना लोक "वर्षाला पंधरा हजार तरी होते" म्हणतात आणि बिल काढलं की सात-आठ हजार निघतात.

नागपुरात याचं एक खास कारण आहे. इथे गाडी घेतल्यावरही रोजचं काम बऱ्याच घरांत ॲक्टिवावरच होतं. महालात किंवा इतवारीत चारचाकी न्यायची म्हणजे पार्किंगपायी जीव अर्धा. बर्डीतही तेच. खापरीकडून सीताबर्डीला येणारा माणूस मेट्रोने येतो आणि गाडी घरी सावलीत उभी. चारचाकी निघते पावसात, लग्नाला, रविवारी आणि रामटेक-ताडोब्याला. अशा गाडीचं रनिंग फार होत नाही, आणि इथेच हायब्रिडचा अर्धा निकाल लागून जातो.

पहिलीच गाडी असेल तर दुचाकीचं मीटर महिनाभर लिहून ठेवा. मग स्वतःला विचारा, यातल्या कोणत्या फेऱ्या मी खरोखरच चारचाकीने करणार आहे?

आता या रनिंगचे दोन भाग करा: गावातलं आणि हायवेवरचं. हे वाटप एकूण आकड्याइतकंच महत्त्वाचं. मनीषनगर ते सदर, मानेवाडा ते धरमपेठ, बेसा ते मेडिकल हे गावातलं. बुटीबोरीला रोज जाणारा माणूस वर्धा रोडवर एकसारख्या वेगाने जातो, तेव्हा ते हायवेत धरा. हिंगणा एमआयडीसीवाल्यांनी अर्धं-अर्धं धरलं तरी चालेल.

कारण असं की हायब्रिडची खरी कमाई ब्रेक आणि सिग्नलमधून होते. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलात आणि 120 ला गाडी लावली की ब्रेक लागतच नाही, मग बॅटरीत परत भरायचं काय? इंजिन अखंड चालू राहतं. वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यात कोणतीही मोटर सवलत देत नाही. 701 किलोमीटरचा तो रस्ता हायब्रिडसाठी जवळपास साध्या पेट्रोल गाडीचाच रस्ता आहे. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं, म्हणजे ताकदीपेक्षा पेट्रोल बचतीकडे जास्त बघणारं, असल्याने थोडा फायदा उरतो, पण गावातल्यासारखा चमत्कार दिसत नाही. डिझेलच्या सवयीचे लोक उलटं समजतात, "हायवे जास्त आहे म्हणून हायब्रिड घेतो" म्हणतात.

जास्तीचे पैसे नेमके किती

शोरूममध्ये सगळ्यात स्वस्त मॅन्युअल पेट्रोलशी तुलना केली तर फरक चार लाखांच्या घरात दिसतो आणि माणूस घाबरतो. पण ही तुलना बरोबर नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये क्लचचं पेडल नसतं, ती ऑटोमॅटिकच येते. तेव्हा त्याच गाडीच्या, त्याच दर्जाच्या पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना करा. फरक साधारण अडीच ते तीन लाखांचा निघतो. अर्थात तुम्हाला ऑटोमॅटिक नकोच असेल आणि मॅन्युअलवर तुम्ही खूश असाल, तर तुमच्यासाठी फरक चार लाखांचाच.

दोन्ही कोटेशनं ऑन-रोड, म्हणजे टॅक्स आणि विमा धरून मागा, नुसती एक्स-शोरूम नको. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे गाडी तीन लाखांनी महाग तर टॅक्सही छत्तीस हजारांनी जास्त. किंमत 20 लाखांच्या वर गेली की दर 13 टक्के. वरचं मॉडेल घेण्याच्या नादात ही रेघ ओलांडली जाते, तेव्हा लक्ष ठेवा. नंबर एमएच-31 चा मिळो, एमएच-40 चा की एमएच-49 चा, दर तेच. उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी करमाफ केली, त्याच्या बातम्या वाचून काही जण तीच सवलत इथे मागतात. ती त्या राज्यापुरती होती.

जीएसटीचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी स्ट्राँग हायब्रिडवर सेस धरून 43 टक्के कर होता आणि मोठ्या पेट्रोल गाड्यांवर 45 ते 50. आता दोन्हींवर सरसकट 40. गाडी स्वस्त झाली हे खरं, पण हायब्रिडला पेट्रोलच्या तुलनेत जी थोडी कर-सवलत होती ती गेली. उलट चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्या 18 टक्क्यांवर आल्या, इलेक्ट्रिक 5 टक्क्यांवरच राहिली. हायब्रिडचा जीएसटी 5 टक्के करावा म्हणून आपले खासदार नितीन गडकरी केंद्रीय मंत्री असूनही अर्थ खात्याच्या मागे लागले होते. ते झालं नाही. पुढे होईल या आशेवर गाडी घेणं थांबवू नका.

आता गणित

मी धरलेले आकडे असे. ऑन-रोड फरक, विमा धरून, 3 लाख 15 हजार. पेट्रोल 104 रुपये लिटर. पेट्रोल ऑटोमॅटिक गावात 12 आणि हायवेला 16 चा ॲव्हरेज देते. स्ट्राँग हायब्रिड गावात 21, हायवेला 20. कंपनीच्या कागदावर हायरायडर हायब्रिडला 27.97 लिहिलेलं आहे. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, भर मे महिन्यात एसी लावून व्हरायटी चौकात उभ्या असलेल्या गाडीचा नाही. तुमच्याकडे एखाद्या मालकाकडून मिळालेला खरा आकडा असेल तर तो घाला.

गावात पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे 8 रुपये 67 पैसे लागतात, हायब्रिडला 4 रुपये 95 पैसे. बचत सुमारे 3 रुपये 71 पैसे. हायवेवर 6 रुपये 50 पैसे विरुद्ध 5 रुपये 20 पैसे, बचत 1 रुपया 30 पैसे. म्हणजे गावातला एक किलोमीटर हायवेच्या जवळपास तीन किलोमीटरांएवढी बचत देतो. रनिंगची वाटणी करायला सांगितली ती यासाठी.

आता तीन घरं घेऊ.

पहिलं घर मनीषनगरचं. दोघं नोकरीला, एक गाडी. गावात वर्षाला 7,500 किलोमीटर, बाहेर 2,500. बचत गावातली 27,857 आणि बाहेरची 3,250, मिळून 31,107 रुपये. 3 लाख 15 हजारांना याने भागा, दहा वर्षं लागतात. सेल्सवाला इथे थांबतो आणि "गाडी तर पंधरा वर्षं चालते सर" म्हणतो.

पण ते 3 लाख 15 हजार तुमच्याकडे राहिले असते तर? एफडीत टाकले असते किंवा कर्ज तेवढं कमी काढलं असतं. 7 टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला 22,050 रुपये. हे त्या रकमेचं बसल्या जागेचं भाडं समजा. हायब्रिडने आधी हे भाडं भरायचं, मग उरेल ते मुद्दल फेडायला. मनीषनगरच्या घराला वर्षाला उरतात जेमतेम नऊ हजार. गाडी विकायची वेळ येईल, मुद्दल फिटणार नाही. पैशाच्या दृष्टीने या घराने हायब्रिड घेऊ नये, विषय संपला.

दुसरं घर डॉक्टरांचं. सकाळी एका हॉस्पिटलला, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकला, मधे घरी जेवायला. गावात 18,000, बाहेर 4,000. बचत 66,857 अधिक 5,200, एकूण 72,057. व्याजाचं भाडं धरूनही साडेपाच वर्षांच्या आत पैसे वसूल. त्यानंतरची सगळी कमाई. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, साइट सुपरवायझर, दिवसभर गावभर फिरणारा व्यापारी हे याच खात्यातले. यांनी जरूर विचार करावा.

तिसरं घर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते फसतं. हा माणूस वर्षाला 20,000 किलोमीटर फिरतो, पण जवळपास सगळे हायवेवर: वर्धा, चंद्रपूर, अमरावती. रनिंग डॉक्टरांएवढंच दिसतं. बचत मात्र 26,000 रुपये. व्याजाचे 22,050 गेले की हाती चार हजार. एकूण आकडा ऐकून कोणीही त्याला हायब्रिड सुचवेल.

तुमचं उत्तर पटकन हवं असेल तर एवढं लक्षात ठेवा: वरच्या आकड्यांनुसार गावातले पहिले सहा हजार किलोमीटर नुसत्या व्याजात जातात. मुद्दल फिटायला लागतं त्यानंतरच्या किलोमीटरांपासून.

गाडी रोख घेतली तर हे व्याज लागत नाही असं समजू नका. रोख घेणाऱ्याचं एफडीचं व्याज बुडतं. कर्जावर घेणाऱ्याचा दर तर 7 पेक्षा जास्तच असतो, त्याने आपला दर घालावा.

पेट्रोल स्वस्त झालं तर?

आधी हे की आपल्याकडे कच्चं तेल स्वस्त होणं आणि पंपावर पेट्रोल स्वस्त होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. जून 2014 मध्ये 115 डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली गेलं. त्याच काळात, नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 मध्ये, केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवर मिळून 11 रुपये 77 पैसे. मे 2020 मध्ये कोरोनाने जगात तेल मातीमोल झालं तेव्हा एका फटक्यात आणखी 10 रुपये. एप्रिल 2025 मध्ये तेल घसरलं, शुल्क 2 रुपयांनी वाढलं आणि पंपावरचा आकडा होता तिथेच. वरच्या बाजूलाही तसंच: महाराष्ट्रात जुलै 2022 मध्ये व्हॅट कमी झाल्यानंतर पुढचा ठळक बदल मार्च 2024 मधली 2 रुपयांची कपात. मधली दीड-पावणेदोन वर्षं बाहेर तेल वर-खाली होत राहिलं, इथला बोर्ड ढिम्म.

तेव्हा "तेल पडलं" ही बातमी वाचून गणित बदलायचं कारण नाही. तरीही धरू की पेट्रोल 85 रुपयांवर आलं. डॉक्टरांची बचत 72,057 वरून 58,893 होते. पैसे वसूल व्हायला साडेपाचऐवजी सात वर्षं. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्याला अजूनही परवडते. पेट्रोल 120 झालं तर साडेचार वर्षं. मनीषनगरच्या घराला 85 ला परवडत नाही, 104 ला नाही, आणि 120 ला बचत छत्तीस हजारांच्या आसपास गेली तरी नीटसं नाही. भाव 85 ते 120 च्या मधे कुठेही गेला तरी दोघांपैकी कोणाचाच निर्णय फिरत नाही. भाव निर्णायक ठरतो तो गावात 12-13 हजार चालवणाऱ्यांना. ते काठावर बसलेत. त्यांनी 85 धरून हिशेब करावा, त्या भावालाही पटलं तर घ्यावी.

इथेनॉलचं म्हणाल, तर एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून 20 टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडा उतरतो. तो दोन्ही गाड्यांचा उतरतो, तुलनेत फार फरक पडत नाही. नवीन गाडी ई-20 ला चालणारी आहे ना, तेवढं बघा.

नागपूरचं ऊन

पुण्यातल्या मित्राचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपला मे 45 अंशांचा. नवतपात दुपारी दोनला स्टीअरिंगला हात लावून बघा, रुमाल गुंडाळल्याशिवाय धरवत नाही.

एक फायदा आधी सांगतो, कारण तो कोटेशनमध्ये दिसत नाही. साध्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. सिग्नलला इंजिन बंद झालं की थंड हवा गेली. म्हणून माइल्ड हायब्रिडवाले उन्हाळ्यात ते बंद-चालूचं बटण कायमचं बंद करून ठेवतात आणि तिथला सगळा फायदा सोडून देतात. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. रहाटे कॉलनीच्या सिग्नलला इंजिन बंद आणि एसी चालू, हे सुख त्या उन्हात कळतं. याला रुपयांत मोजता येत नाही, आणि ज्याला हेच हवं आहे त्याने माझं वरचं गणित बाजूला ठेवून खुशाल घ्यावी.

पण एक युनिटही नसलेली बॅटरी एसीला फार वेळ पुरत नाही. काही मिनिटांत इंजिन आपोआप सुरू होतं आणि बॅटरी भरतं. उन्हात तापून निघालेली गाडी थंड करताना तर जास्तच. म्हणून मे मधला ॲव्हरेज डिसेंबरपेक्षा खाली येणार. "गाडी बिघडली" म्हणून सर्व्हिस सेंटरला धावू नका.

बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून तिला हवेने थंड ठेवण्याची व्यवस्था असते. बऱ्याच मॉडेल्समध्ये ही हवा केबिनमधूनच ओढली जाते आणि तिची जाळी मागच्या सीटजवळ कुठेतरी असते. टेस्ट ड्राइव्हला गेलात की सेल्सवाल्याला ती दाखवायला सांगा. ती कुठे आहे हे त्यालाच शोधावं लागलं तर नवल नाही. त्या जाळीवर शाल, पिशवी, लेकराची बॅग ठेवायची नाही. आपल्याकडे धूळ भरपूर, त्यात कुठे ना कुठे सिमेंट रोडचं खोदकाम चालूच. म्हणून तिथला फिल्टर दर सर्व्हिसिंगला साफ झाला का हे नाव घेऊन विचारा. घरात कुत्रं असेल तर केसांमुळे तो आणखी लवकर भरतो.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाला चकवते. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय नेहमीची 12 व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडी जागी होते ती तिच्यावर. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि धक्का मारून तर मुळीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गाडी बंद ठेवणार असाल तर कोणाला तरी आठवड्यातून एकदा ती चालू करायला सांगून जा.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावरची दोन किलोमीटरची चक्कर काही सांगत नाही. वेळ दुपारची किंवा संध्याकाळी सहानंतरची मागा. ट्रिप मीटर शून्य करा, एसी तुमच्या सवयीच्या तापमानावर ठेवा आणि तुमच्या रोजच्या वाटेने न्या. पेट्रोल ऑटोमॅटिकही त्याच वाटेने, त्याच दिवशी चालवा.

स्क्रीनवर किती वेळ इंजिन बंद होतं ते दिसतं, तिकडे लक्ष ठेवा. पाय हलका ठेवणाऱ्याला ते प्रमाण जास्त मिळतं. सिग्नल सुटताच उसळी मारणाऱ्याला कमी. ब्रेक लांबून, हळूहळू दाबला तर मोटर जास्त वीज परत भरते. करकचून दाबला की नेहमीचे ब्रेक काम करतात आणि ताकद वाया जाते.

मग आउटर रिंग रोडवर घेऊन जा आणि एकदा पूर्ण पाय दाबा. छोट्या एसयूव्हींमधलं हायब्रिड इंजिन तीन सिलिंडरचं आहे. जोर लावला की इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मागून सावकाश येतो. काहींना याने काही वाटत नाही, काही जण तिथेच बेत रद्द करतात. शेवटी डिकी उघडा. छोट्या एसयूव्हींत बॅटरी डिकीच्या फरशीखाली असल्यामुळे जागा कमी झालेली असते. लग्नसराईत सामान नेणाऱ्या घराने घरची मोठी बॅग बरोबर न्यावी आणि बसवून बघावी.

हायब्रिड नको ठरलं तर

मनीषनगरच्या घराला सरळ उत्तर: 18 टक्के जीएसटीची छोटी पेट्रोल गाडी. उरलेल्या पैशांत कितीतरी वर्षांचं पेट्रोल येतं.

सीएनजीबद्दल नागपूरकरांचे कान एकदा पोळलेत. मुंबई-पुण्यात स्वस्त म्हणून गाजणारा गॅस इथे मार्च 2022 मध्ये 120 रुपये किलोपर्यंत गेला होता, पेट्रोलच्याही वर, कारण पाइपलाइनऐवजी द्रवरूप गॅस टँकरने आणून तो पुरवला जात होता. नंतर भाव उतरला. सीएनजी घ्यायची तर आजचा भाव आणि तुमच्या वाटेवरचा पंप, दोन्ही बघून घ्या. मुंबईच्या भावाचं गणित इथे करू नका.

स्वतःचं घर, स्वतःचं पार्किंग आणि गच्ची असेल, तर गावात भरपूर फिरणाऱ्या माणसाने इलेक्ट्रिकचं कोटेशन हायब्रिडच्या शेजारी ठेवूनच बघावं. एका युनिटला सात किलोमीटर आणि दहा रुपये युनिट धरले तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. हायब्रिडचे 4 रुपये 95 पैसे आठवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सोलरला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ऊन तर आपल्याकडे उतू जातं. फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला, ज्याच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटवरून दर मीटिंगला भांडण होतं, त्याला मात्र हायब्रिडच सोपी.

बुकिंगच्या टेबलावर

हायब्रिड बॅटरीची वॉरंटी टोयोटा आणि मारुतीकडे 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. डॉक्टरांसारखं वर्षाला 22,000 चालवलंत तर ती सव्वासात वर्षांतच संपते, हे वसुलीच्या वर्षांशी ताडून बघा. वॉरंटी कशामुळे रद्द होते ते लेखी मागा. बाहेरच्या दुकानातून वायरिंग कापून हॉर्न, लाइट, म्युझिक सिस्टिम बसवणं हे त्यातलं पहिलं कारण असतं. गाडीखालच्या आणि बॉनेटमधल्या नारिंगी केबल्स जास्त व्होल्टेजच्या असतात, त्यांना कोणत्याही ओळखीच्या मेकॅनिकने हात लावायचा नाही.

विम्यात हायब्रिड बॅटरीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं का, आणि पाण्यात गाडी बुडाली तर काय मिळतं, हे एजंटला विचारा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि अंबाझरी लेआउट भागात उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. डिकीखाली बॅटरी असलेल्या गाडीला असं पाणी फार महागात पडतं. नदी-नाल्याच्या कडेला किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनी इथे दोन-तीन हजार वाचवू नयेत. पाण्यातून निघालेली हायब्रिड स्वतः सुरू करून बघायची नाही, टो करूनच न्यायची.

ॲक्सेसरीज आणि शोरूमचा विमा घेतला तरच गाडी लवकर मिळेल असं कोणी सुचवलं तर बाहेरच्या विम्याचं कोटेशन समोर ठेवा. त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीवर किती सूट चालू आहे तेही विचारा. हायब्रिडवर सूट नाही आणि पेट्रोलवर पन्नास हजार आहे असं निघालं, तर तुमचा 3 लाख 15 हजारांचा फरक 3 लाख 65 हजार झाला. कॅल्क्युलेटर पुन्हा काढा, आणि ॲडव्हान्सचा चेक त्यानंतरच लिहा.